लस नको, देवी चालेल

आधी माझं गाढवपण सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. भागाबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही म्हातारी चोरून चोरून सुया टोचून घेते. हसा खुशाल. मीही आता हसते. पण तेव्हा चांगली तणतणले होते.

साल दोन हजार एकवीस. साठीच्या वरच्यांना करोनाची लस सुरू झाली होती आणि मी नुकतीच साठीत पडलेली. साठीचे बाकीचे सगळे फायदे गुडघ्यात मिळतात, हा एकच दंडात मिळणार होता, म्हणून मी काही सोडणार नव्हते. आमच्या बोदवडला जुन्या शाळेत केंद्र लागलं. गेले तर रांगेत पुढे ही उभी. उंच, वाळकी, नाकावर मास्क, काखेत छत्री, आणि आवाज असा की शाळेच्या घंटेनं राजीनामा द्यावा. त्या दिवशी माझ्या आधीच लस संपली. पुन्हा गेले, पुन्हा ही पुढे. पुन्हा संपली. तिसऱ्या खेपेला गेले तर परत हीच! आता मला सांगा, एका माणसाला सुया लागतात तरी किती? मी मनात म्हटलं, फुकट आहे म्हणून ही बाई अंग भरून घेतेय, आणि आम्ही आपल्या कोरड्या दंडानं घरी.

तडक सपना सिस्टरपुढे जाऊन उभी राहिले. "सिस्टर, ती छत्रीवाली रोज टोचून घेते. तुमचं लक्ष कुठे असतं?"

सिस्टरच्या हातातली सुई हवेत तशीच राहिली. "काकू, त्यांची लस कधीच झाली. शेतात गेलेल्या बायांचे नंबर धरायला उभ्या राहतात त्या."

मागून घंटा वाजली. "हाव, हाव, मीच घेते रोज! अंगाची चायनी झाली माय माह्या. पानी पेलं की दंडातून बाहेर येतं."

सगळी रांग फिदीफिदी. मी मास्कच्या आत लाल झाले, बरं झालं मास्क होता. मग तीच जवळ आली आणि म्हणाली, "तुही पिशवी ठेव मह्या मागं आन सावलीत बस. आज तुहा नंबर मी धरते. तुले टोचल्याशिवाय तुहा जीव शांत व्हनार नही."

अशी आमची ओळख.

भागाबाई म्हणजे पितांबरभाऊंची घरवाली. राहते विहाराच्या मागच्या गल्लीत. उभा जन्म जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचण्यात गेला. यंत्राच्या घरघरीत बोलून बोलून हळू बोलणं म्हणजे काय ते ती विसरून गेलीय. तिनं कानात काही सांगितलं तर मागच्या गल्लीतून उत्तर येतं. नवरा दम्याचा. लस आली तेव्हा तिला काळजी त्याची, आणि त्याला काळजी त्याचीच.

"तू आधी घे," पितांबरभाऊ म्हणाले. "वाचली तर मंग मी घेईन."

"आन मेली तर?"

"तर मी कायले घेऊ?"

एवढं प्रेम असल्यावर बाई काय करणार, गेली आणि घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सडकून ताप. पितांबरभाऊ उशाशी बसून तिच्या छातीकडे बघत राहिले, खालीवर होतेय की नाही. गल्लीतले पण एकेक करून दारात डोकावायला लागले. "जिती हाये का?" पितांबरभाऊ सांगायचे, "जिती हाये, पन च्या मागू रायली." ती मला नंतर म्हणाली, "मी मेली का नही ते पाहाले सारी गल्ली आली व माय. मेली असती तर एवढे आले नसते." ताप उतरल्यावर जे जे बघायला आले होते त्यांना तिनं धरलं. फुकटात तमाशा पाहिला ना, मग चला. पितांबरभाऊंना पुढे घातलं आणि सगळं लटांबर शाळेत नेलं. तेव्हापासून ती तिथेच. कोणी नेमली नाही, कोणी चहासुद्धा विचारला नाही. घरून भाकर बांधून न्यायची.

काम काय करायची? गव्हाच्या काढणीला गेलेल्या बाया दुपारनंतर यायच्या, तोवर त्यांच्या जागा राखायची. कुणाची चप्पल, कुणाचा डबा, कुणाचा नुसता दगड. एकदा तर रांगेत एक खराटा उभा होता आणि त्याला पुढे सरकवत ती म्हणत होती, "सरक व मंजुळाबाई, सरक." नवलभाऊ म्हणून आमच्याकडे एक मिशीवाले आहेत, तरुणपणी कुस्त्या मारलेले. सुई पाहिली आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. भागाबाई लगेच हजर. "डोये कायले मिटले भाऊ? सुई दंडाले देतात, डोयाले नही." आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसायचं असतं ना, तेव्हा कोणी पळायला बघितलं तर छत्री आडवी. आमदाराचा मेहुणा का असेना. बस म्हणजे बस.

पण जिच्यासाठी भागाबाईचा जीव टांगलेला होता, ती एकच बाई रांगेत येईना. ती म्हणजे माझी शेजारीण, झुंबरबाई.

ह्या दोघींची गट्टी जुनी, आणि सांगायला लाज वाटावी अशी. मिसरीची. झुंबरबाई मोठ्या शेतीवाल्या घरची, सुना-नातवंडांची, दात घासायच्या नावानं चोरून तंबाखूची राख घासणार. डबी भागाबाईच्या कमरेला. रोज संध्याकाळी दोघी झुंबरबाईंच्या मागच्या दारात बसून मिसरी लावणार, गावातल्या समस्त सुनांना नावं ठेवणार आणि मुलाच्या पावलाची चाहूल लागली की चुळा भरणार. मुलगा लीलाधर, पन्नाशी ओलांडलेला, भुसावळला रेल्वेत. रोज गाडीनं जाऊन येऊन. शिस्तीचा माणूस, स्वभावानं इतका भित्रा की इंजिनाची शिटी वाजली तर आधी आपलं काही चुकलं का ते बघणार.

दुसऱ्या लाटेत त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस गेला. शुक्रवारी डबा वाटून खाल्ला आणि पुढच्या शुक्रवारी नाही. लीलाधर जो घाबरला, त्यानं घराला कडीच घातली. आईचे दोन्ही डोस होईपर्यंत घरात कोणी यायचं नाही आणि आईनं उंबरा ओलांडायचा नाही. त्याला नाव तरी काय ठेवणार? पण आई म्हणे, मी लस घेणार नाही. झालं. ही घेणार नाही, तो उघडणार नाही.

भागाबाई रोज संध्याकाळी रस्त्यावर उभी राहून खिडकीतून बोलायची. झुंबरबाई आतून. पहिले काही आठवडे झुंबरबाई तिथूनही भांडायच्या. मग नुसतं "हं" म्हणायला लागल्या. मग कधी कधी खिडकीत यायच्याच नाहीत. सून म्हणाली, अक्का टीव्ही लावतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात. जेवण निम्म्यावर आलं. भागाबाई माझ्या ओसरीवर टेकली एक दिवस, छत्री मांडीवर आडवी, आणि म्हणाली, "मोहिनीबाई, माही झुंबर करोनानं नही, मुकीपनानं मरीन. सुई घेतली तर दार उघडीन. बास, मले दुसरं काही नको."

म्हणजे बघा, सगळ्या गावाला रांगेत उभं करणारी बाई, आणि हिची एकुलती एक मैत्रीण दाराआड सुकत चाललेली.

प्रयत्न सगळ्यांनी केले. लीलाधर ओरडला, मग रडला. सपना सिस्टर रविवारची येऊन खिडकीशी अर्धा तास समजावून गेली. मी माझा दंड दाखवला, कुठे सुजला नाही की सडला नाही. भागाबाईनं आधी लालूच दाखवली, खिडकीच्या गजातून मिसरीची डबी हलवली. मग धमकी दिली, "तू मेली तर तुह्या दहाव्याले मी येनार नही." आतून उत्तर आलं, "नको येऊ. मीबी नही तिथं." पण लस? नाही म्हणजे नाही. का नाही, तेही सांगायच्या नाहीत. फक्त शब्द काढला की तोंड फिरवायच्या, जसं काही पानात मेलेलं झुरळ वाढलंय.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. मी माझ्या दारात कोथिंबीर निवडत होते, भागाबाई नेहमीप्रमाणे रस्त्यावर. त्या दिवशी तीही वैतागली होती. "झुंबर, लस घे. लस घेतली की मोकयी. साऱ्या दुनियेनं लस घेतली, तूच काहून लसीले..."

"लस लस नको करू माह्यासमोर!" झुंबरबाई खिडकीचे गज धरून ओरडल्या. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकला. "दोन वर्सं त्यायच्या पायाची लसच पुसली मी. सकायी फडकं बदललं की दुपारी वलं. निंबाचं पानी केलं, मलम केलं, तरी लस ती लस. त्यायचा पाय गेला, मंग ते गेले. तो वास अजून माह्या हातातून जात नही. आन तेच तुम्ही सारे माह्या अंगात भरा म्हनता?"



झुंबरबाईंच्या मालकांना साखर होती. पायाला जखम झाली ती कधी भरलीच नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत. आणि आमच्याकडे जखमेतून जे पाणी झिरपतं त्याला काय म्हणतात? लसच म्हणतात. जन्मभर म्हणत आलोय. डॉक्टरची लस आली तेव्हा तो एकच शब्द दोन गोष्टींना आहे हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मुलगा, सून, सिस्टर, मी, सगळे त्या बाईच्या कानाशी उभे राहून महिनोन्‌महिने ओरडत होतो, लस घे, लस घे, लस घे.

भागाबाईनं छत्री उचलली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आली ती थेट खिडकीशी. लीलाधरनं आखलेलं अंतरबिंतर सोडून. पोलक्याची बाही वर सारली आणि दंड गजाला लावला.

"हे काय हाये, सांग."

झुंबरबाईंनी डोळे बारीक केले. दंडावर रुपयाएवढा जुना वण. "देवी काढेल हायेत. त्यात काय? माह्याबी हायेत."

"कुठी काढल्या तुह्या?"

"माहेरी. शायेतल्या निंबाखाली. मी पयून गेलती, बापानं ज्वारीतून धरून आनली." बोलता बोलता त्यांचा हात आपोआप स्वतःच्या दंडावर गेला.

"मंग तेच हाये हे. करोनाच्या देवी काढू रायले. चाल."

जुन्या लोकांना सांगायला नको, देवीच्या रोगाची लस टोचण्याला आपल्याकडे देवी काढणं म्हणत. सगळ्यांना टोचलेली, सगळ्यांना वण, आणि त्यानं कोणी मेलं नाही. मला वाटलं जमलं. पण झुंबरबाई काय अशा सोडतात? मान तिरकी करून म्हणाल्या, "भागे, तू कधीपासून देवीची गोठ कराले लागली? तुमच्यात तर देवी मानत नही. नवरात्रात मी बोलावते तर तू म्हनते, मी फक्त जेवाले येईन. आन आज मले देवी सांगते?"

"मानत नही म्हनूनच तर काढ म्हनू रायली!" भागाबाई कडाडली. "मानत असती तर बसव म्हनली असती!"

खिडकीच्या आत आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं, झुंबरबाई हसताहेत. पदर तोंडात कोंबून, गज धरून, डोळ्यातून पाणी काढत हसताहेत. सून स्वयंपाकघरातून धावत आली, अक्कांना काय झालं म्हणून.

"मले येडी नको समजू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तेच औषद हाये ते मले ठावं हाये. पन ह्या नावानं चालीन. त्या नावानं नही."

"तुले ज्या नावानं पाहिजे त्या नावानं देते. नातवाचं नाव ठेवायचं का?"

ठरलं. पण केंद्रावर जाणं म्हणजे शत्रूच्या मुलखात जाणं. तिथे तर ज्याच्या त्याच्या तोंडी तोच शब्द! भागाबाई पुढे पळत गेली आणि सगळ्यांना दम भरला, "आज कोनी 'ल' काढाचा नही." सपना सिस्टरला, कॉम्प्युटरवाल्याला, रांगेतल्या बायांना. नवलभाऊ दुसऱ्या डोसाला आले होते, त्यांना तर म्हणाली, "तू तोंडच नको उघडू, तुहा भरवसा नही."

मी झुंबरबाईंना रिक्षातून घेऊन आले आणि फाटकाशीच अडकले. झुंबरबाई चौथी पास! आणि भिंतीवर हातभर अक्षरात फलक: लसीकरण केंद्र. भागाबाईनं पाहिलं. मी पाहिलं. पुढच्या क्षणी तिनं काखेतली छत्री फाडकन उघडली आणि फलकाच्या पहिल्या दोन अक्षरांवर धरली. उरलं, करण केंद्र.

"ऊन नही, पानी नही, छत्री कायले धरली?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"केस काये पडू नये म्हनून."

झुंबरबाई थांबल्या, वाचलं. "करण केंद्र? कोनतं करण?"

"कुंभकरन," भागाबाई म्हणाली. "तू इतके महिने झोपली ना घरात, तुह्यासाठीच काढलं. चाल आत."

सपना सिस्टरनं मात्र मानलं पाहिजे. चेहरा इतका गंभीर की जणू नर्सिंगला हेच शिकवलं होतं. "या आजी. देवी काढायला आलात ना?" कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, नोंद काय करू?" तर सिस्टर दातांतून म्हणाली, "जी करतोस तीच कर आणि गप बस."

सुई आत गेली, बाहेर आली. झुंबरबाईंनी दंडाकडे पाहिलं. "झालं? एवढंच? त्या वक्ती तर दंडात चक्र फिरवलं व्हतं!" आणि भागाबाईकडे वळून, "एवढ्यासाठी मी इतके महिने भिंती पाहात बसली? आधी नही सांगाचं, भवाने?"

शिवी ऐकून भागाबाईचा चेहरा असा उजळला, की सांगता सोय नाही. अर्धा तास दोघी बाकावर बसल्या आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला नावं ठेवून झाली. मी मध्ये होते म्हणून मी राहिले, नाहीतर मलाही ठेवली असती.

पुढे हे नाव गावभर झालं. खेड्यातल्या म्हाताऱ्या येऊन सरळ म्हणायच्या, करोनाच्या देवी काढा. सपना सिस्टरनं कपाळाला हात लावला, पण दंड कुणाचा कोरडा ठेवला नाही.

दुसरा डोस थंडीत झाला, भरिताच्या दिवसांत. टोचून आम्ही तिघी रिक्षानं परत आलो. झुंबरबाई सुनेचा हात धरून आत गेल्या. भागाबाई त्यांच्या मागोमाग निघाली, अगदी आपल्या घरी निघाल्यासारखी, तर दारात लीलाधर. त्याला सुट्टी होती. दोन्ही हात चौकटीला.

"भागामावशी, अजून चौदा दिवस."

"कायचे चौदा?"

"दुसऱ्या डोसानंतर चौदा दिवस थांबायचं असतं. तेव्हा ताकद येते अंगात. मी वाचलंय."

"अंगात ताकद तुह्या आईच्या यायची का माह्या? तू रोज त्या गाडीत बसून भुसावयले जातो, साऱ्या जिल्ह्याच्या शिंका खाऊन येतो. आन करोना मी आननार?"

"मी मास्क लावतो, मावशी."

"मंग मी काय नाकाले गोधडी बांधू?"

लीलाधर हलेना. भागाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे तिच्या हिशेबानं खाली. "माह्या सासूले तुह्या आजीनं ह्याच दारात थांबवलं व्हतं. तवा कारन दुसरं व्हतं. तू बरा. तू तर साऱ्यायलेच थांबवतो. करोनानं बरोबरी आनली बापा."

लीलाधरचा चेहरा बघवेना. "मावशी, असं नका हो बोलू. माझ्या मनात तसलं..."

"मले ठावं हाये. असतं तर मी आलीच नसती." तिनं हात झटकला, तो विषय संपला. मग खाली पायाकडे बघितलं. ती उभी होती लीलाधरच्या नव्या ओट्यावर. चकचकीत फरशी, कामावर कमी बोलावत होते त्या दिवसांत बांधून घेतलेला आणि बांधता बांधता चांगला दोन हात रस्त्यात सरकलेला.

"लीलाधर, हा ओटा कोनाचा?"

"आमचाच."

"घराचा?"

"घराचाच, मग?"

"मंग मी घरात आलीच हाये. आता काय अडवतो?"

लीलाधर गडबडला. "तसं नाही, ओटा घरात धरत नाहीत."

"नही ना? मंग हा रस्ता. रस्त्यावर बसाले तुही परवानगी कायले?"

मला राहवलं नाही. मी आपली मदत म्हणून म्हटलं, "लीलाधर, परवा नगरपंचायतीचा माणूस अतिक्रमण मोजायला टेप घेऊन आला होता, त्याला काय सांगितलंस रे तू? ओटा घराचाच, वडिलांच्या वेळचा. असंच ना?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की शेजारीण म्हणून माझे फार दिवस राहिले नसावेत. मग भागाबाईकडे पाहिलं. मग फरशीकडे. घर म्हणावं तर बाई घरात, रस्ता म्हणावं तर टेपवाला दारात. मागून झुंबरबाई त्याच्या काखेखालून वाकून बाहेर आल्या आणि भागाबाईशेजारी जाऊन बसल्यासुद्धा.

"बसा," लीलाधर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"नुसतं बसा काय म्हनतो?" भागाबाई पाय पसरत म्हणाली. "फरशी गार हाये. चटई आन."

आणि तो चटई आणायला आत गेला.